व्हिडिओ फाइल लहान करायची, पण चित्र बिघडू द्यायचं नाही: क्रमवार पद्धत

मोठा व्हिडिओ लहान करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी चुकीच्या जागी जातो. कुणी फाइलची झिप करतं आणि आठ जीबीची झिपही जवळपास आठ जीबीचीच भरते, कारण व्हिडिओ आत आधीच दाबलेला असतो. कुणी एखाद्या ऑनलाइन कॉम्प्रेसरवर घरचं अख्खं लग्न चढवतं, 'साइज १०० एमबी' असं लिहून बटण दाबतं आणि मग नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन का दिसतात म्हणून विचारत बसतं. कुणी ४केचं थेट ४८०पी करून टाकतं. तिघांचीही चूक एकच आहे. मूळ फाइलमध्ये काय आहे हे न बघता त्यांनी आकडा आधी ठरवला.

'क्वालिटी अजिबात न घालवता' हेही सरळ समजून घ्या. नको तो भाग कापून टाकणं सोडलं, तर फाइल लहान करण्याच्या प्रत्येक घरगुती पद्धतीत थोडा तपशील जातोच. आपलं काम एवढंच, की नेहमीच्या पडद्यावर, नेहमीच्या अंतरावरून बघताना तो गेलेला कळू नये. फोनवर काढलेल्या व्हिडिओत हे बऱ्यापैकी जमतं. फोनला रेकॉर्डिंग चालू असतानाच दाबायचं काम उरकावं लागतं, विचार करायला सवड नसते, म्हणून तो सढळ हाताने डेटा खर्च करतो. कॉम्प्युटरला तीच फाइल सावकाश तपासून पुन्हा बांधता येते. जी बचत होते ती या सवडीतून.

तयारी

लागणारी सॉफ्टवेअर चार आणि चारही फुकट: दाबण्यासाठी हँडब्रेक, बघण्यासाठी व्हीएलसी, फाइलची माहिती वाचण्यासाठी मीडियाइन्फो आणि कापाकापीसाठी लॉसलेसकट. हँडब्रेक विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा, त्या नावाने भलतंच काही देणाऱ्या साइट कमी नाहीत. विंडोजवर ते आधी डॉटनेट रनटाइम मागू शकतं. तेही मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या.

मूळ फाइल कॉम्प्युटरवर केबलने आणा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून आणलेला व्हिडिओ ही मूळ फाइल नव्हे. तो वाटेतच पिळून निघालेला असतो. आयफोनमधून विंडोजवर घेताना फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी' खाली 'कीप ओरिजिनल्स' निवडा, नाहीतर फोन जाता जाता फाइल बदलून देऊ शकतो. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर तिथून उतरवलेला ४के व्हिडिओ १०८०पी होऊन आलेला असणार. तोही मूळ धरू नका.

डिस्कवर मूळ फाइलइतकी तरी जागा मोकळी ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि त्याची झोप बंद करा. काम अर्ध्यात असताना वीज गेली तर तयार झालेली अर्धी एमपी४ फाइल उघडतसुद्धा नाही, कारण तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. तुमच्याकडे भारनियमन असेल तर त्याची वेळ टाळूनच काम लावा.

> थांबा: मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली नसेल तर पुढे जाऊ नका.

१. हा व्हिडिओ कुठे जाणार, ते ठरवा

यावर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. टीव्हीवर पेनड्राइव्हने लावायचा असेल तर टीव्हीला झेपेल असाच कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत, हवा. कॉम्प्युटरवर जपून ठेवायचा असेल तर नवा कोडेक चालेल. नंतर एडिटिंग करायचं असेल तर आत्ता काहीच करू नका: आधी मूळ फाइलवर एडिटिंग, मग शेवटी एकदाच लहान करणं. दाबलेल्या फाइलवर एडिटिंग करून ती पुन्हा दाबली की झीज दुप्पट होते. यूट्यूबवर चढवायचा असेल तरी तेच. तिकडे तो पुन्हा दाबला जाणारच आहे, तेव्हा जमेल तेवढी चांगली फाइल द्या.

२. मूळ फाइलची नाडी बघा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा, किंवा व्हीएलसीमध्ये 'टूल्स' मेनूतून 'कोडेक इन्फर्मेशन' बघा. पाच गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा खर्च होतो. फाइलचा आकार रिझोल्यूशनवर ठरत नाही, तो बिटरेट आणि लांबी यांच्या गुणाकारावर ठरतो. बिटरेट एमबीपीएसमध्ये (सेकंदाला इतके मेगाबिट) घ्या, सेकंदांनी गुणा, आठने भागा, उत्तर एमबीमध्ये येतं. ५० एमबीपीएसचा ४के व्हिडिओ मिनिटाला ३७५ एमबी खातो. दीड तासाचं व्याख्यान १०८०पीमध्ये १७ एमबीपीएसने काढलं असेल तर ते साडेअकरा जीबीच्या घरात जातं. तेच ३ एमबीपीएसवर आणलं तर दोन जीबीत बसतं. वक्ता एका जागी उभा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर ३ एमबीपीएस पुरेसेही होतात.

मग अंदाज बांधा. ४केमध्ये ४० एमबीपीएसच्या वर असेल तर भरपूर वाव आहे. १०८०पीमध्ये १५ ते २० असेल तरीही चांगला वाव. ५ ते ८ असेल तर थोडाच. १०८०पी फाइल ३ एमबीपीएसच्या खाली असेल तर तिला हात लावू नका. ती कुणीतरी आधीच पिळली आहे. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ आणि ऑनलाइन क्लासचं रेकॉर्डिंग सहसा याच गटातलं. ते पुन्हा दाबायला घेतलं की चित्र बिघडतं आणि कधीकधी फाइल उलट मोठी होते.

दुसरी, कोडेक. एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. मूळ फाइल आधीच एच.२६५ असेल तर बचत कमी होणार, हे मनात धरा.

तिसरी, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) आणि तो 'व्हेरिएबल' (बदलता) आहे की 'कॉन्स्टंट' (ठरावीक). फोनचा बहुधा व्हेरिएबल असतो.

चौथी, एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त मोठा पल्ला टिपलेलं चित्र. 'एचएलजी', 'डॉल्बी व्हिजन' किंवा '१० बिट्स' असं दिसलं तर ठळक खूण करा. पाचव्या पायरीत याचा हिशेब आहे.

पाचवी, 'इंटरलेस्ड' हा शब्द, म्हणजे चित्राच्या ओळी एकाआड एक घेतलेल्या. फोनच्या व्हिडिओत तो नसतो. जुन्या हँडीकॅमच्या फाइलमध्ये हमखास सापडतो.

३. नको तो भाग आधी कापा

सभागृहात माइक चाचणी चालू आहे, कॅमेरा टेबलावर ठेवून कुणी चहाला गेलं आहे, शेवटी पाच मिनिटं नुसत्या रिकाम्या खुर्च्या आहेत. हे उडवलं की क्वालिटीचा कणही न जाता फाइल लहान होते. लॉसलेसकट व्हिडिओ पुन्हा बांधत नाही, आहे तसा तोडतो. तोडण्याची जागा मात्र तो ठरावीक फ्रेमवरच धरू शकतो. त्यामुळे सुरुवात तुम्ही ठरवल्यापेक्षा एखाददुसरा सेकंद आधी झाली तर गोंधळू नका. फोनमधले काही एडिटर नुसतं कापतानाही सगळा व्हिडिओ पुन्हा दाबतात, म्हणून हे काम फोनवर नको.

बऱ्याचदा इथेच काम संपतं. अडीच तासांच्या स्नेहसंमेलनातला आपल्या मुलीचा सहा मिनिटांचा नाच हवा असेल तर बाकीच्या पायऱ्यांची गरजच काय?

४. प्रीसेट निवडा, आणि त्याने गुपचूप केलेले बदल परत फिरवा

हँडब्रेक उघडा, फाइल त्यात ओढून टाका. प्रीसेटच्या (तयार सेटिंगच्या) यादीत 'जनरल' गटातला तुमच्या रिझोल्यूशनशी जुळणारा प्रीसेट घ्या. १०८०पीसाठी 'फास्ट १०८०पी३०' ही बरी सुरुवात आहे. पण प्रीसेट म्हणजे कच्चा आराखडा. त्यात तीन ठिकाणी खोट निघते.

पहिलं ठिकाण रिझोल्यूशन. फाइल ४के आणि प्रीसेट १०८०पीचा असेल तर हँडब्रेक काही न विचारता व्हिडिओ १०८०पी करून टाकतं. 'डायमेन्शन्स' टॅबमध्ये जाऊन मर्यादा काढा. तुम्हाला मुद्दाम १०८०पी हवं असेल तर गोष्ट वेगळी. घरच्या ३२ इंची टीव्हीवर सोफ्यावरून बघायचं असेल तर ४केचं १०८०पी केलेलं ओळखणारा माणूस क्वचितच भेटेल, हे माझं प्रामाणिक मत. पण तो निर्णय तुमचा असावा, प्रीसेटचा नव्हे.

दुसरं ठिकाण क्रॉपिंग. हँडब्रेक काळ्या कडा शोधून त्या आपोआप छाटतं. सिनेमाच्या डीव्हीडीला हे बरं. नाटकाचं किंवा कीर्तनाचं रेकॉर्डिंग असेल, बाजूचा रंगमंच अंधारा असेल, तर ते त्या अंधारालाच कड समजतं, आणि विंगेतून येणारं पात्र अर्ध कापलं जातं. त्याच टॅबमध्ये क्रॉपिंग 'नन' करा. घरच्या व्हिडिओला स्वयंचलित छाटणी कधीच नको.

तिसरं ठिकाण फ्रेमरेट. नावात ३० असलेला प्रीसेट ६०चा व्हिडिओ ३०वर आणतो. 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' ठेवा. खाली 'कॉन्स्टंट' की 'व्हेरिएबल' असं विचारलं जातं. फक्त बघायचा असेल तर व्हेरिएबल चालेल. ही फाइल पुढे कुणी एडिटरला देणार असेल तर कॉन्स्टंट करा. व्हेरिएबल फाइल एडिटिंगमध्ये टाकली की तासाभराने ओठ आणि आवाज वेगळे चालू लागतात, ही नेहमीची तक्रार.

> तपासणी: 'समरी' टॅबमध्ये रुंदी-उंची मूळ फाइलइतकीच दिसते का? दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

५. कोडेक आणि आरएफ: खरं काम इथे आहे

'व्हिडिओ' टॅबमध्ये दोन वाटा दिसतात. 'ॲव्हरेज बिटरेट' म्हणजे तुम्ही आकार सांगता आणि क्वालिटी नशिबावर सोडता. 'कॉन्स्टंट क्वालिटी' म्हणजे तुम्ही क्वालिटी सांगता आणि आकार व्हिडिओला ठरवू देता. आपल्याला दुसरी वाट घ्यायची आहे.

आधी कोडेक. कुठेही, कुठल्याही टीव्हीवर, जुन्या फोनवर चालायला हवं असेल तर 'एच.२६४ (एक्स२६४)' घ्या. ४के असेल, किंवा फाइल तुमच्याच नव्या उपकरणांवर बघायची असेल, तर 'एच.२६५ (एक्स२६५)'. तो त्याच दर्जाला बराच कमी डेटा घेतो, पण वेळ जास्त खातो. मूळ एचडीआर असेल तर 'एच.२६५ १०-बिट'च घ्या. एचडीआर व्हिडिओ साध्या आठ बिटांत कोंबला की रंग धुतल्यासारखे फिके पडू शकतात किंवा संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात. एव्ही१ हा आणखी नवा पर्याय यादीत दिसेल. फाइल अजून लहान होते, पण घरातल्या जुन्या टीव्हीवर ती चालेलच असं नाही, म्हणून सध्या बाजूला ठेवा.

यादीत 'एनव्हीएन्क', 'क्विक सिंक', 'व्हिडिओटूलबॉक्स' अशी नावं दिसतील. ती ग्राफिक्स कार्डाकडून किंवा चिपकडून काम करून घेतात. वेग डोळे दिपवतो, पण तेवढ्याच क्वालिटीला फाइल मोठी बनते. शंभर फाइली संध्याकाळपर्यंत उरकायच्या असतील तर वापरा. मुंजीचा एकच व्हिडिओ जपून ठेवायचा असेल तर एक्स२६४ किंवा एक्स२६५लाच रात्रभर चालू दे.

आता आरएफचा, म्हणजे 'कॉन्स्टंट क्वालिटी'च्या आकड्याचा, सरकता दांडा. आकडा लहान तेवढी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी. उलटं वाटतं, आणि बरेचजण इथेच फसतात. सुरुवात या आकड्यांनी करा:

- जुना हँडीकॅम किंवा डीव्हीडी: १८ ते २०
- ७२०पी: २० ते २१
- १०८०पी, एच.२६४: २० ते २१
- १०८०पी, एच.२६५: २२ ते २३
- ४के, एच.२६५: २२ ते २५

दोन्ही कोडेकमधल्या आरएफची मोजपट्टी एक नाही. एक्स२६४मधला २२ आणि एक्स२६५मधला २२ यांची थेट तुलना करू नका. ढोबळ अंदाज असा, की आरएफ सहाने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. म्हणून एकेक अंकानेच हलवा. शून्यावर नेऊन 'सगळ्यात भारी' फाइल बनवायचा मोह होईल. ती मूळ फाइलपेक्षाही मोठी होईल आणि हाती नवं काहीच लागणार नाही. मुळात नसलेला तपशील कुठलाही आकडा आणून देत नाही.

त्याखाली 'एन्कोडर प्रीसेट' नावाचा वेगळा दांडा आहे, वेगाचा. 'मीडियम' किंवा 'स्लो' ठेवा. 'प्लासिबो'च्या वाटेला जाऊ नका, वेळ कैकपट जातो आणि बचत हाताला लागत नाही. 'अल्ट्राफास्ट'ही नको. 'ट्यून' रिकामाच राहू द्या.

एकाच आरएफवर दोन फाइलींचे आकार एवढे वेगळे का येतात, हा प्रश्न हमखास येतो. कोडेक एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये काय तसंच राहिलं ते शोधतो आणि फक्त बदल लिहितो. कीर्तनात बुवांचे हात, चिपळ्या आणि उपरणं हलतं, मागचा पडदा तासभर तसाच असतो, म्हणून फाइल कमालीची लहान होते. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकावर गुलाल उधळला की त्या ढगातला प्रत्येक कण प्रत्येक फ्रेमला नव्या जागी असतो. ते सगळं दर वेळी नव्याने लिहावं लागतं, म्हणून फाइल फुगते. पाऊस, धबधबा, शेतात वाऱ्याने हलणारी ज्वारी, सगळ्यांची तीच गत. रात्री कमी उजेडात फोनने काढलेल्या हळदीच्या व्हिडिओतले बारीक ठिपकेही कोडेकला 'हालचाल'च वाटतात. असल्या व्हिडिओला 'फिल्टर्स' टॅबमधला 'डीनॉइज' अगदी हलक्या पातळीवर लावता येतो. हात जड पडला तर चेहरे मेणाचे दिसतात, तेव्हा चाचणी घेतल्याशिवाय नको.

६. आवाजाला हात लावू नका

मूळ आवाज एएसी असेल तर 'ऑडिओ' टॅबमध्ये 'एएसी पासथ्रू' निवडा. तो आहे तसा उचलला जातो. नसेल तर एएसी, स्टीरिओ, १६० केबीपीएस. या दराने तासाभराचा आवाज ७२ एमबी होतो. ९६वर उतरवला तर तासाला जेमतेम ३० एमबी वाचतात आणि टाळ-झांजांचा खणखणीतपणा चिरका होतो. जीबींच्या हिशेबात हे ३० एमबी कुणी मोजत नाही.

७. अवघड मिनिटाची चाचणी घ्या

पूर्ण व्हिडिओ लावायच्या आधी त्यातलं सगळ्यात अवघड मिनिट शोधा: जिथे हालचाल जास्त, उजेड कमी, बारीक नक्षी भरपूर. हँडब्रेकमध्ये वर 'रेंज' आहे, तिथे 'चॅप्टर्स'ऐवजी 'सेकंद' निवडून तेवढाच तुकडा बांधा. शिवाय एक साधं, शांत मिनिटही घ्या. पहिल्यावरून क्वालिटी कळते, दुसऱ्यावरून आकाराचा अंदाज येतो. फक्त अवघड मिनिटाला एकूण मिनिटांनी गुणलंत तर उगाच घाबराल.

मूळ आणि नवा, दोन्ही व्हीएलसीमध्ये पूर्ण पडद्यावर बघा. एकाच जागी थांबवा. कीबोर्डवरच्या 'ई' अक्षराने फ्रेम एकेक पुढे सरकते, शिफ्ट-एसने चित्र टिपता येतं. नुसतं 'बरं दिसतंय' म्हणून सोडून देऊ नका. ठरलेल्या जागा बघा:

- पैठणीचा काठ. मोरांच्या रेघा वेगळ्या दिसतात की नुसता सोनेरी पट्टा?
- मांडवातला किंवा रंगमंचामागचा काळोखा कोपरा. तिथे चौकोन नाचताना दिसले की आरएफ जास्त झाला आहे.
- उघडं आकाश किंवा एका रंगाची भिंत. पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे पडलेत का?
- मागच्या फ्लेक्सवरची लहान अक्षरं.
- कॅमेरा झपकन वळतो ती जागा. वळल्यानंतर चित्र लगेच स्थिरावतं की दोन क्षण गढूळ राहतं?

खटकलं तर आरएफ एकाने किंवा दोनाने कमी करा आणि तोच तुकडा पुन्हा बांधा. काहीच खटकत नसेल तर एकाने वाढवून बघा. फरक पहिल्यांदा जिथे कळेल त्याच्या एक पाऊल अलीकडचा आकडा तुमचा. हा आकडा त्या कॅमेऱ्याच्या तशाच प्रकारच्या बाकीच्या व्हिडिओंनाही बहुतेक लागू पडतो, म्हणून प्रीसेट स्वतःच्या नावाने साठवून ठेवा.

> थांबा: थांबवलेल्या फ्रेमवर चारशे टक्के झूम करून दोष शोधत बसू नका. तसे ते मूळ फाइलमध्येही सापडतात. व्हिडिओ जसा बघितला जाणार, तसाच तपासा.

८. पूर्ण काम लावा

'रेंज' परत पूर्ण करा. हे विसरल्यामुळे सकाळी एका मिनिटाचीच फाइल हाती लागते. नव्या फाइलचं नाव आणि फोल्डर मूळपेक्षा वेगळं ठेवा. नावात तारीख घाला, म्हणजे '२०२४-०५-१२ मुंज' असं. नव्या फाइलवर तयार झाल्याची तारीख आजची पडू शकते, शूटिंगची जागा वगैरे माहितीही गळू शकते आणि मग फोटोंच्या ॲपमध्ये जुना व्हिडिओ आजच्या दिवसात जाऊन बसतो. नावातली तारीख तेवढी शाबूत राहते.

बऱ्याच फाइली असतील तर 'ॲड टू क्यू'ने रांग लावा. पण शिवाजी पार्कातली दुपार आणि हॉलमधली रात्र एकाच आरएफवर ढकलू नका. उजेडाप्रमाणे दोन गट करा. एच.२६५मध्ये लांबलचक ४के फाइल जुन्या लॅपटॉपवर रात्रभर, कधी त्याहून जास्त चालते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. तो तापला की वेग आणखी पडतो.

९. मूळ पुसण्याआधी

लांबी सेकंदापर्यंत जुळते का बघा. मग नवी फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या पाच मिनिटांत चालवा. ओठ आणि आवाज यांची फारकत शेवटाकडेच कळते. उभा व्हिडिओ आडवा झाला नाही ना, हेही. आणि फाइल जिथे बघायची आहे त्याच टीव्हीवर किंवा फोनवर लावा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी काहीही चालवून दाखवतं, टीव्ही तेवढा उदार नसतो. टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र येत नाही, तर बहुधा कोडेक झेपत नाही: एच.२६४वर या. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. त्यासाठी फाइल आणखी पिळू नका, टीव्ही वाचत असेल तर पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करा.

हे सगळं जुळलं तरच मूळ पुसायचा विचार. मिरवणुकीचं, ट्रेकचं फुटेज खुशाल पुसा. लग्नाची किंवा आता नसलेल्या माणसाची मूळ फाइल मी तरी पुसणार नाही. ती बाहेरच्या डिस्कवर ठेवावी आणि रोजच्या वापराला लहान प्रत.

ठरावीक एमबीतच बसवायचं असेल तर

स्पर्धेच्या अर्जावर 'व्हिडिओ ५० एमबीच्या आत' असं लिहिलेलं असतं. तेव्हा 'ॲव्हरेज बिटरेट'शिवाय इलाज नाही. हिशेब असा: एमबी गुणिले ८०००, भागिले सेकंद, उत्तर केबीपीएसमध्ये. पाच मिनिटांच्या एकपात्रीला ५० गुणिले ८००० भागिले ३००, म्हणजे सुमारे १३३३. त्यातून आवाजाचे १२८ वजा करा, थोडी सूट ठेवा, ११५० घाला. 'मल्टी-पास' चालू करा. त्यात सॉफ्टवेअर व्हिडिओ आधी एकदा पूर्ण वाचतं आणि मग डेटा कुठे जास्त, कुठे कमी द्यायचा ते ठरवतं. एवढ्या बिटरेटला १०८०पीचा हट्ट सोडा. ७२०पीवरचं स्वच्छ चित्र १०८०पीवरच्या गढूळ चित्रापेक्षा परीक्षकांना बरं दिसेल. रिझोल्यूशन कमी करणं हा शहाणा उपाय ठरतो तो अशाच वेळी.

जुन्या कॅसेटी आणि लग्नाच्या डीव्हीडी

मिनीडीव्ही कॅसेटवरून घेतलेली फाइल तासाला सुमारे १३ जीबी असते, तेव्हा वाव प्रचंड आहे. पण ती इंटरलेस्ड असते: हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' खाली 'यॅडिफ' किंवा 'डीकॉम्ब' लावा. 'बॉब' निवडलंत तर हालचाल मुळासारखी सुळसुळीत राहते, फक्त फ्रेमरेट ५० होतो, तेव्हा तो २५वर बांधलेला नाही ना ते बघा. हे न करता दाबलं तर रेघा चित्रात कायमच्या गोंदल्या जातात आणि फाइलही मोठी होते. ५७६ ओळींचं चित्र १०८०पी करू नका, टीव्ही ते काम स्वतः करतो.

डीव्हीडीच्या बाबतीत सुट्या व्हीओबी फाइली एकेक करून उघडू नका. 'व्हिडिओ टीएस' हा पूर्ण फोल्डर हँडब्रेकला द्या. एका कार्यक्रमाचे एकेक जीबीचे तुकडे पाडलेले असतात. सुटे बांधलेत तर मंगलाष्टकं 'शुभ मंगल'वर तुटतात आणि 'सावधान' पुढच्या फाइलमध्ये जातं.

पाठवताना

एवढं करून तयार झालेली फाइल व्हॉट्सॲपवर 'गॅलरी'तून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते आणि समोरच्याला जशीच्या तशी मिळते. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, आणि उतरवून मगच बघायला सांगा. ब्राउझरमध्ये थेट चालवलं की ड्राइव्ह स्वतःची हलकी आवृत्ती दाखवतं, आणि तुमच्या काकू फोन करून सांगतात की व्हिडिओ धूसर आहे.